डोळ्यांच्या दुखापती व त्यांचें निवारण

फ्रान्समधील कुप्व्रे या गांवीं इ. स. १८१२ मध्यें एक तीन वर्षांचा मुलगा वडिलांच्या खोगिरांच्या दुकानांत आरी घेऊन खेळत होता. कातडें टोंचतांना ती निसटून त्याच्या डोळ्यांत शिरली. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यासहि जडला आणि पांचव्या वर्षीं तो पूर्ण आंधळा झाला. अंधांसाठीं सहा ठिपक्यांची लिपि शोधून काढणारा लुई ब्रेल तो हाच. त्याची कीर्ति अमर झाली. तथापि ती आरी उंच फळीवर ठेविली असती, तर त्याचे डोळे वांचले असते.

अशा आऱ्या आपल्या सेलूच्या परिसरांतहि घरोघर व शेतोशेतीं आहेत. ज्वारी कापतांना पात्याची कड लागते, पऱ्हाटी उपटतांना तिचें टोंक उसळतें, मळणींत कुसळें उडतात. मुलें विटीदांडू व धनुष्यबाण खेळतात. दिवाळींत न उडालेल्या फटाक्यावर वांकून पाहतात. तंबाखूच्या चुन्याची पुडी लहान मुलाच्या हातीं दाबली जाऊन फुटते.

यांत ओरखडा सर्वांत फसवा. बुबुळावरील पारदर्शक पडदा किंचित् खरचटतो. पण पानाबरोबर जंतु वा बुरशी आंत जाऊन व्रण होतो व अखेर डोळ्यांत फूल पडतें. नेपाळांतील भक्तपूर जिल्ह्यांत अशा ओरखड्यांचा अभ्यास झाला. तो २००१ सालीं प्रसिद्ध झाला. अठरा तासांच्या आंत जंतुनाशक मलम मिळालेले २८४ जण सर्वच्या सर्व बरे झाले. अठरा ते चोवीस तासांनीं आलेल्या १०९ पैकीं ४ जणांचे, आणि त्यानंतर अठ्ठेचाळीस तासांपर्यंत आलेल्या ४९ पैकीं १४ जणांचे डोळे दूषित झाले. औषध एकच, अंतर केवळ वेळेचें!

म्हणून हे नियम ध्यानांत ठेवावे. चुना उडाल्यास क्षणाचाहि विलंब न करितां स्वच्छ पाण्याच्या धारेनें निदान अर्धा तास डोळा धुवावा, व मग दवाखाना गांठावा. वस्तु रुतली असल्यास ती ओढूं नये, डोळा धुवूं वा दाबूं नये. वर वाटी झांकून तत्काळ नेत्रवैद्याकडे जावें. ओरखड्यास त्याच दिवशीं दाखवावें. दूध, तूप, एरंडेल घालूं नये. पदराच्या टोंकानें कण काढूं नये. उरलेले जुने थेंब वैद्याच्या सल्ल्यावांचून वापरूं नयेत. मळणी करितांना व लोखंड घांसतांना संरक्षक चष्मा लावावा.

आतां पालकांस एक विनंती. खेळतांना डोळ्यास लागलें, तरी मार बसेल या भयानें मूल तें लपवितें, आणि ते अठरा तास निघून जातात. त्या वेळीं अपराध कोणाचा, हें विचारूं नये. आधीं डोळा पाहावा. आणि मुलांनो, तुम्हींहि लागलेलें लपवूं नका. रागें भरलेले वडील दोन दिवसांत शांत होतात. गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं.