मृगाआधीची लस : घरातल्या प्रत्येक वयासाठी फ्लू लसीकरणाचे वेळापत्रक

आजोबा, गरोदर सून आणि दोन वर्षांचा नातू यांना एकाच दिवशी, एकाच कंपनीची फ्लूची लस दिली, तरी तिघांच्या शरीरात सारखे काही घडत नाही. नातवाच्या शरीराला हा विषाणू नवखा असतो. सुनेच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिने, पोटातल्या बाळापर्यंत जातात. आजोबांचे शरीर लशीला सावकाश आणि कमी प्रतिसाद देते. म्हणून लस कधी घ्यायची, किती डोस घ्यायचे आणि घरात आधी कोणी घ्यायची, हे वय पाहून ठरवावे लागते. जालना जिल्ह्यातील कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून तो क्रम येथे दिला आहे.

१. सर्वप्रथम तारीख ठरवा.
फ्लू हा थंडीतला आजार, असे बऱ्याच जणांना वाटते. आपल्याकडे तो मुख्यतः पावसाळ्यात वाढतो. देशातील दहा शहरांत गोळा केलेल्या नमुन्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुण्यासह बहुतेक शहरांत जुलै ते सप्टेंबर या काळात इन्फ्लुएंझाचे रुग्ण सर्वाधिक आढळले. श्रीनगरमध्ये मात्र ते हिवाळ्यात वाढले. जानेवारी ते मार्चमध्येही एक लाट येऊ शकते, पण नियोजन पावसाळा धरूनच करावे.

लस टोचल्यानंतर पुरेशी प्रतिद्रव्ये तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे मृग नक्षत्रापासून मागे मोजा. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो, म्हणजे घरातील सर्वांची लस २४ मेपर्यंत झालेली असावी. ज्या लहान मुलांना दोन डोस लागतात, त्यांच्या डोसांत चार आठवड्यांचे अंतर ठेवायचे असल्याने पहिला डोस २६ एप्रिलच्या आसपास यायला हवा. अक्षय्य तृतीयेची खूणगाठ बांधली तर लक्षात राहते.

मंठा, परतूर, घनसावंगी या भागांतून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. त्यांच्यासाठी हाच काळ सोयीचा आहे, कारण दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा बाहेर पडतात. गावात परतल्याच्या पहिल्या आठवड्यातच आशाताईंशी बोलून घ्या. मे महिना हुकला तरी लस टाळू नका. जुलैमध्ये घेतलेली लसही पुढच्या दोन महिन्यांसाठी उपयोगी पडते.

२. गरोदर स्त्रीची लस सगळ्यांत आधी, आणि हंगामाची वाट न पाहता.
सहा महिन्यांखालील बाळासाठी फ्लूची कोणतीही लस उपलब्ध नाही. त्याचे संरक्षण आईकडूनच व्हावे लागते. आईची प्रतिद्रव्ये वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. माली, नेपाळ आणि दक्षिण आफ्रिका येथे झालेल्या मोठ्या चाचण्यांत आईला लस दिल्याने बाळांमधला फ्लू कमी झाल्याचे दिसले. हा फायदा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि पुढे ओसरतो.

२०१५ मध्ये स्वाइन फ्लूची मोठी साथ आली. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतील गरोदर स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस मोफत देण्यास सुरुवात केली. चौथा महिना लागताच उपकेंद्रातील आरोग्यसेविकेकडे किंवा जालन्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात चौकशी करा. साठा मर्यादित असतो, म्हणून जाण्यापूर्वी फोनवर विचारलेले बरे.

पहिल्या बाळंतपणासाठी सून सातव्या महिन्यात माहेरी जाते. तिकडे गेल्यावर नवे डॉक्टर, नवे केंद्र, आणि लस कोणी सुचवायची हे अधांतरी राहते. ती निघण्यापूर्वीच लस द्या आणि माता व बाल संरक्षण कार्डावर तारखेसह नोंद करून घ्या. गरोदरपणात फक्त टोचायची, मृत विषाणूंपासून बनवलेली लसच चालते. नाकात फवारण्याच्या लशीत जिवंत, दुर्बल केलेला विषाणू असतो. ती या काळात घेऊ नये.

३. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांकडे दोन डोसांच्या हिशेबाने पाहा.
मोठ्या माणसाला फ्लू आयुष्यात अनेकदा होऊन गेलेला असतो. त्याच्या शरीरात आठवण ठेवणाऱ्या पेशी तयार असतात आणि एका डोसाने त्या जाग्या होतात. लहान मुलात ही आठवण नसते. पहिला डोस शरीराला विषाणूची ओळख करून देतो, दुसरा डोस त्या ओळखीवर भक्कम प्रतिसाद उभा करतो. म्हणून नऊ वर्षांखालील मूल पहिल्यांदाच लस घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यायचे आणि पुढच्या वर्षापासून दरवर्षी एक. एकच डोस देऊन थांबणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. पहिला डोस देतानाच दुसऱ्याची तारीख कार्डावर लिहून घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल मामाच्या गावी जाणार असेल, तर तारीख त्या बेताने ठरवा.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ही लस दरवर्षी देण्याची शिफारस करते. मात्र शासनाच्या नियमित बाल लसीकरणात ती नाही, त्यामुळे बहुतेकांना ती खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते.

४. साठी ओलांडलेल्यांची लस चुकवू नका, आणि त्यांच्या भोवतालच्यांचीही.
छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. टी-पेशी, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, तिच्यात तयार होतात. ही ग्रंथी तरुणपणापासूनच आकसत जाते. उतारवयात नव्या विषाणूला ओळखू शकतील अशा कोऱ्या पेशी कमी उरतात, आणि शरीरात सौम्य दाह सतत चालू राहतो. त्यामुळे तरुणाच्या शरीरात लशीने जेवढी प्रतिद्रव्ये तयार होतात, तेवढी वृद्धाच्या शरीरात होत नाहीत आणि झालेली लवकर ओसरतात. त्यावर उपाय शोधताना परदेशात जास्त मात्रेची लस तयार झाली. नेहमीच्या लशीत विषाणूच्या प्रत्येक प्रकाराचे १५ मायक्रोग्रॅम प्रथिन असते, तर तिच्यात ६० मायक्रोग्रॅम. ६५ वर्षांवरील सुमारे ३२,००० लोकांवर तिची चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ती नेहमीच्या लशीपेक्षा सुमारे २४ टक्के अधिक परिणामकारक आढळली.

आपल्या घरातील ज्येष्ठांसाठी व्यवहारातला निर्णय असा घ्या. जास्त मात्रेची लस मिळाली नाही तरी नेहमीच्या मात्रेची लस वेळेवर आणि दरवर्षी द्या. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी शासकीय केंद्रात मोफत लशीची चौकशी करा. न्यूमोकोकस या जंतूविरुद्धची, न्यूमोनियाची लस राहिली असेल तर तीही त्याच भेटीत दुसऱ्या दंडात घेता येते. शक्य असल्यास सकाळी जा. बर्मिंगहॅममधील एका चाचणीत सकाळी ९ ते ११ या वेळेत लस घेतलेल्या वृद्धांमध्ये, दुपारी घेतलेल्यांपेक्षा, लशीतील तीनपैकी दोन प्रकारांविरुद्ध अधिक प्रतिद्रव्ये दिसली. या एका चाचणीवर फार विसंबू नये. पण मे महिन्यातील जालन्याचे ऊन पाहता सकाळची वेळ तशीही योग्यच.

आता भोवतालच्यांविषयी. कॅनडातील हटराइट समाजाच्या वस्त्या गावापासून अलग असतात. तिथे तीन ते पंधरा वर्षांच्या मुलांना फ्लूची लस दिली, तेव्हा लस न घेतलेल्या इतर रहिवाशांमधील फ्लू सुमारे ६१ टक्क्यांनी कमी झाला. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या आजीचे शरीर स्वतःच्या लशीला अर्धवटच साथ देते, तिचे उरलेले संरक्षण तिच्या कुशीत झोपणाऱ्या नातवाच्या लशीतून येते. एकत्र कुटुंबात हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

५. मधल्या वयातील कोणी घ्यावी, ते कामावरून आणि आजारांवरून ठरवा.
निरोगी प्रौढ लशीला उत्तम प्रतिसाद देतो. दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेले, जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीत वा रोलिंग मिलमध्ये काम करून छाती भरलेले, आणि घरात तान्हे बाळ किंवा वृद्ध सांभाळणारे यांनी लस घ्यावी. तरुण म्हणून आपण सुरक्षित आहोत असे गृहीत धरू नका. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात एका शाळकरी मुलीचा झाला. त्या वर्षी मुले आणि तरुण अधिक सापडले. बऱ्याच वृद्धांच्या शरीरात मात्र १९५७ पूर्वी फिरणाऱ्या, त्याच्याशी साम्य असलेल्या विषाणूंची आठवण शिल्लक होती.

६. पैसे मर्यादित असतील तर क्रम ठरवा.
खासगीत एका डोसाला साधारण दीड-दोन हजार रुपये पडतात. सहा माणसांच्या घराला ते एकदम झेपत नाही. मोफत मिळू शकणाऱ्यांची, म्हणजे गरोदर स्त्री आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांची, सोय आधी शासकीय केंद्रात करा. वाचलेल्या पैशांतून दोन वर्षांखालील मुलाचे दोन्ही डोस पूर्ण करा. त्यानंतर इतर ज्येष्ठ आणि जुनाट आजार असलेले, मग शाळेत किंवा अंगणवाडीत जाणारी मुले, आणि शेवटी निरोगी प्रौढ.

७. प्रतिद्रव्यांची तपासणी करून घेऊ नका.
लस लागू पडली का, हे रक्त तपासून पाहावे असे अनेकांना वाटते. प्रयोगशाळेत ही चाचणी लहान लहान ९६ खळगे असलेल्या प्लास्टिकच्या थाळीवर होते. एकेका खळग्यात रक्तद्रव निम्मा-निम्मा पातळ करत जातात, त्यात विषाणू आणि मग तांबड्या पेशी सोडतात. प्रतिद्रव्यांनी विषाणू अडवला तर पेशी तळाशी गोळा होऊन लाल ठिपका दिसतो. नाही अडवला तर त्या पसरून राहतात. चाळीस पट पातळ केल्यावरही ठिपका दिसला, तर निरोगी प्रौढात फ्लूचा धोका साधारण निम्मा होतो असे मानतात. पण मुलांवरील एका अभ्यासात एवढ्याच पातळीला संरक्षण अवघे २२ टक्के होते आणि ५० टक्क्यांसाठी ११०ची पातळी लागली. वृद्धांत तर टी-पेशींचा वाटा मोठा असल्याने या आकड्यावरून फारसे कळत नाही. एकच आकडा तीन वयांत तीन अर्थ सांगतो, म्हणून ही चाचणी संशोधनापुरती ठेवलेली बरी.

८. टोचण्याआधी खोके हातात घेऊन वाचा.
विषाणू सतत बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीतील प्रकार ठरवते. आपण मे महिन्यात घेणार असल्याने खोक्यावर चालू वर्ष आणि ‘दक्षिण गोलार्ध’ अशी नोंद असलेली लस मागा. ती नसेल तर मुदत न संपलेली नवीनतम लस चालेल. तीन प्रकारांची की चार प्रकारांची, यावर अडून बसू नका. ‘बी यामागाता’ हा चौथा प्रकार मार्च २०२० नंतर जगात आढळलेलाच नाही.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते आणि गोठली तरी निकामी होते. मेडिकलमधून विकत घेऊन पिशवीत टाकून भोकरदन किंवा जाफराबादपर्यंत एसटीने नेऊ नका. जिथे फ्रिजमध्ये ठेवलेली आहे, तिथेच टोचून घ्या.

९. टोचण्याच्या दिवशी.
सौम्य सर्दी असेल तरी लस घेता येते. जोराचा ताप असेल तर उतरेपर्यंत थांबा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा आणि टोचल्यावर जागा काही मिनिटे दाबून धरा. पूर्वी फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांत गिलेन-बारे सिंड्रोम, म्हणजे हातापायांतील ताकद जाण्याचा मज्जातंतूंचा विकार, झाला असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात या विकाराचे रुग्ण वाढले, तेव्हा लशीविषयी शंका विचारल्या गेल्या; त्या साथीचा संबंध दूषित पाणी आणि कॅम्पिलोबॅक्टर जंतूशी होता. टोचल्यानंतर अर्धा तास केंद्रातच बसा. दंड दुखणे, अंग कसकसणे, एक-दोन दिवस बारीक ताप हे अपेक्षित आहे.

१०. लस घेऊनही ताप आला तर.
विषाणूशी चांगली जुळलेली लसही डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आणणारा फ्लू ४० ते ६० टक्क्यांनीच कमी करते. तिचा मोठा फायदा आजार गंभीर न होण्यात आहे. सौम्य ताप-खोकला असेल तर घरी विश्रांती घ्या, मास्क वापरा, तान्ह्या बाळापासून आणि आजी-आजोबांपासून वेगळे झोपा. गरोदर स्त्री, पाच वर्षांखालील मूल, ज्येष्ठ किंवा मधुमेही यांना ताप आला, तर ‘व्हायरल आहे, उतरेल’ म्हणून वाट पाहू नका. ऑसेल्टामिविर हे औषध ४८ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, वृद्ध व्यक्तीने बरळायला लागणे, बाळाने दूध सोडणे, यांपैकी काहीही दिसल्यास १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. लसीकरणाचे कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी रुग्णासोबतच पाठवा.