गुंता खाली, चूक वर

प्रश्न : आईचं पायमशीन शिकायला घेतलंय. टीप मारली की कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. बॉबिन दोनदा बदलली, तरी तेच. काय करू?

उत्तर : बॉबिन बिचारी बहुधा निर्दोष आहे. खाली दिसणारे ते फास वरच्या दोऱ्याचे असतात. टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये दोरा नीट बसला नाही, की तो सैल सुटतो आणि खाली साचतो. म्हणून वरचा दोरा पूर्ण काढा, कापड दाबणारा पाय उचला (तेव्हाच चकत्या उघडतात) आणि पुन्हा ओवा. दहातल्या आठ तक्रारी माझ्याकडे इथेच मिटतात.

तरीही शंका असेल तर बॉबिन भरून केसमध्ये घाला, दोरा पट्टीखालून ओढा आणि केस दोऱ्याला लटकवा. ती स्थिर लोंबली पाहिजे. हलका हिसका दिला की दोनतीन बोटं खाली सरकावी. धाडकन पडली तर बारीक स्क्रू पाव फेरा आवळा, त्याहून जास्त नको.

सुरुवातीचे चार टाके घालताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे बोटांत धरून ठेवा. आणि सुई? शेवटची कधी बदलली, ते आईला विचारा!