पंपावर कार्ड अडलं तर गांगरू नकोस

अगं, शेंगाचटणीचे डबे भरून झाले असतील तर जरा माझ्याजवळ बस. अमेरिकेत भाड्याची गाडी घेऊन फिरणार आहेस, म्हणून पेट्रोलच्या पैशांचं तुला आधीच सांगून ठेवते.

आपल्या पंढरपुरात पंपावर गाडी लावली की पोरगा येतो, ‘ताई, झिरो बघा’ म्हणतो, पेट्रोल भरतो आणि मोबाइलवरून पैसे देऊन आपण मोकळ्या. तिकडे न्यू जर्सीसारखा अपवाद सोडला, तर नळी आपणच हातात घ्यायची आणि बहुतेक ठिकाणी पैसे आधी. पंपातच कार्ड घालायची खाच असते. कार्ड घातलं की मशीन झिप कोड विचारतं. तो पाच आकड्यांचा, आणि आपला पिनकोड ४१३३०४, सहा आकड्यांचा. तो काही जुळत नाही, म्हणून आपल्याकडचं कार्ड पुष्कळदा तिथेच अडतं. तुझ्याकडे पैसे नाहीत असा त्याचा अर्थ नव्हे गं. मागे गाड्या खोळंबल्या तरी अंदाजाने आकडे दाबत बसू नकोस. आतल्या दुकानात जा, ‘चार नंबरचा पंप, चाळीस डॉलर’ असं सांग आणि कार्ड तिथे दे. पेट्रोल कमी बसलं तर तेवढ्याचेच पैसे लागतात.

पंपावर कार्ड चाललंच, तर भरलेल्या पेट्रोलपेक्षा मोठी रक्कम अडकलेली दिसेल. ही रक्कम १७५ डॉलरपर्यंतही जाते. तो खर्च नसतो, नुसती राखून ठेवलेली रक्कम असते. खरं बिल लागलं की उरलेली सुटते, कधी दोन-चार दिवस जातात. म्हणूनच डेबिट कार्ड वापरू नकोस, त्यात तुझ्या खात्यातले पैसे अडकून पडतात. क्रेडिट कार्डात फक्त मर्यादा अडते.

आता निघण्याआधीची कामं. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे नवं कार्ड परदेशात आपोआप चालत नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं. आजच कर. ओटीपी इथल्याच नंबरवर येणार, तेव्हा सिमचं रोमिंगही बघून ठेव. बऱ्याच कार्डांवर परदेशी खर्चाला दोन ते साडेतीन टक्के जादा लागतात, वर त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. तुझ्या कार्डाचा दर विचारून घे. आणि कुठल्याही मशीनने ‘डॉलर की रुपये’ विचारलं तर डॉलरच निवड. रुपयांचा दर ते त्यांच्या सोयीने लावतात.

दुसऱ्या बँकेचं एक कार्ड आणि थोडे रोख डॉलर वेगळ्या पाकिटात ठेव. टाकी अर्धी झाली की भरून घे. रिकाम्या रस्त्यावर काटा खाली गेलेला असताना कार्डाशी झगडण्याची वेळ माझ्या बहिणीवर येऊ नये, एवढंच मला वाटतं. आणि आतल्या माणसाला विचारायला मुळीच लाजू नकोस. आपण पैसे मोजतोय, विचारायचा आपला हक्क आहे.