एका कथेचे दोन शेवट

वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर नावाचे गाव आहे. प्राचीन विदर्भाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे मानतात. ‘मालतीमाधव’ या संस्कृत नाटकाचा नायक माधव या कुंडिनपुराहूनच विद्याभ्यासासाठी बाहेर पडतो. हे नाटक लिहिणारा भवभूती हाही विदर्भातील पद्मपूरच्या घराण्यातला. आठव्या शतकात होऊन गेलेल्या या कवीने ‘उत्तररामचरित’ नाटक लिहिले आणि त्यात रामकथेचा शेवटच बदलला.

लोकापवादामुळे रामाने गर्भवती सीतेचा त्याग केला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पुढे काय झाले? रामायणाच्या उत्तरकांडात राम अश्वमेध यज्ञ करतो. तेथे रामायण गाणारे लव-कुश आपलेच पुत्र आहेत, हे त्याला कळते. तो सीतेला बोलावतो. परंतु तिने सर्वांसमक्ष शपथ घ्यावी, असे सांगतो. सीता सभेत येते. ती कोणालाही दूषण देत नाही. आपण निर्दोष असू, तर पृथ्वीमातेने आपल्याला पोटात घ्यावे, एवढीच प्रार्थना ती करते. धरणी दुभंगते आणि सीता दिसेनाशी होते. राम शोक करीत राहतो.

भवभूतीच्या नाटकात सातव्या अंकी गंगेच्या तीरावर राम व प्रजाजन जमतात. त्यांच्यापुढे वाल्मीकींनी रचलेले नाटक अप्सरा करून दाखवितात. टाकलेल्या सीतेचे दुःख त्यात पाहून राम मूर्च्छित पडतो. तोच अरुंधतीबरोबर खरी सीता येते. तिच्या हाताच्या स्पर्शाने राम सावध होतो. अरुंधती प्रजाजनांना त्यांचे मत विचारते, तेव्हा ते सीतेला वंदन करतात. मग वाल्मीकी लव-कुशांना घेऊन येतात.

संस्कृत नाटकाचा शेवट गोड असावा, असा प्रघात होता. पण भवभूतीने केवळ प्रघात पाळला नाही. उत्तरकांडात कसोटी सीतेची आहे. पुन्हा पुन्हा पुरावा देत जगण्यापेक्षा ती निघून जाते. भवभूतीच्या नाटकात कसोटी लोकांची आहे. ज्यांनी संशय घेतला, त्यांनाच मस्तक नमवावे लागते. पहिला शेवट आपल्याला अन्यायाची आठवण देतो, दुसरा अन्याय दूर कसा व्हावा हे दाखवितो.

असे इतरत्रही घडले आहे. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याने १८६१ साली ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीचा शेवट एका लेखक-मित्राच्या सांगण्यावरून बदलला. पहिल्या शेवटी नायक-नायिका दुरावतात. दुसऱ्यात त्यांच्या मीलनाची आशा राहते. कोणता शेवट बरा, याविषयी वाचकांचे एकमत नाही.

शेवट बदलला, की सगळी कथा नव्या अर्थाने वाचावी लागते.

स्वाध्याय
१. दोन्ही शेवटांत कसोटी कोणाची आहे?
२. सभेत सीतेने कोणाला दूषण का दिले नसावे?
३. तुम्हांला कोणता शेवट अधिक पटतो? कारणे द्या.