हरिपूरची पेवे

हळद स्वयंपाकघरात रोज लागते. पण ती शेतातून वर्षातून एकदाच निघते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास शेतकरी हळदीचे कंद लावतो. ते पीक आठनऊ महिने जमिनीत वाढते आणि माघ-फाल्गुनात काढणीला येते. सातारा जिल्ह्यातील वाई, कऱ्हाडकडील मळे आणि सांगली जिल्ह्यातील वाळवे, मिरज या भागांतील मळे यांतून खणून काढलेली हळद मोठमोठ्या काहिलींत शिजवितात, कडक उन्हात वाळवितात, घासून चकचकीत करितात आणि मग ती पोत्यांत भरून सांगलीच्या पेठेत येते. उन्हाळ्याच्या त्या दोन-तीन महिन्यांत पेठेत जिकडेतिकडे पिवळे ढीग दिसतात. वाऱ्याबरोबर हळदीची पूड उडते. हमालांचे कपडे, बैलांची शिंगे, दुकानांच्या पायऱ्या, सारे काही पिवळे होत असे, असे जुनी माणसे सांगतात.

माल एकदम आला म्हणजे भाव उतरतो. आषाढ-श्रावणात आवक आटली म्हणजे तो चढू लागतो. मग कोणीही म्हणेल, की व्यापाऱ्याने माल ठेवून द्यावा आणि भाव आल्यावर विकावा. यात अवघड ते काय? परंतु ठेवून देणे हेच अवघड. हळदीला बारीक भुंगेरे लागतात आणि हळकुंड आतून पोखरून त्याचे पीठ करितात. उजेड व हवा लागून रंग फिका पडतो. पावसाळी दमटपणाने बुरशी येते. शिवाय चोर आहेत, उंदीर आहेत, आगीचे भय आहे. आज दारात असलेले सोने पुढील दिवाळीपर्यंत सोनेच राहील, याचा भरवसा कोणी द्यावा?

तो भरवसा पिढ्यान्पिढ्या हरिपूर या गावाने दिला.

हरिपूर सांगलीपासून अगदी जवळ आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून खाली येते. साताऱ्याजवळ माहुलीस तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडास कोयना मिळते आणि हरिपुरास वारणा येऊन मिळते. संगमावर संगमेश्वराचे जुने देवालय आहे. या काठाची माती खोलवर घट्ट आणि चिवट आहे. तीत खड्डा खणला तर त्याच्या बाजू सहसा ढासळत नाहीत. हा गुण गावकऱ्यांनी हेरला आणि हळद साठविण्यासाठी जमिनीत पेवे खणली.

पेव म्हणजे जमिनीत पुरलेला एक प्रचंड रांजणच. तोंड अरुंद, जेमतेम एक माणूस उतरेल एवढे. आत मात्र पोट मोठे. खोली वीस-पंचवीस फुटांपर्यंत. आतून ते सारवून कोरडे करावयाचे, तळाला व बाजूंना उसाच्या पाल्याचा जाड थर द्यावयाचा, त्यावर चटया लावावयाच्या आणि मग हळद ओतावयाची. पेव काठोकाठ भरले म्हणजे वर पुन्हा पाला, त्यावर झाकण आणि त्यावर मातीचा ढीग. ती माती चोपून बसविली की खाली काय आहे हे परक्या माणसास कळतही नसे. पेवे गावकऱ्यांची असत आणि व्यापारी ती भाड्याने घेत. हळद त्यांत वर्षानुवर्षे राहिली तरी तिला कीड लागत नसे; उलट रंग खुलतो, असा अनुभव होता.

पेव ही काही केवळ हळदीसाठी निघालेली युक्ती नव्हे. दुष्काळाची सवय असलेल्या या देशावर ज्वारीची पेवेही गावोगाव असत. एका सालचे धान्य दुसऱ्या सालासाठी पुरून ठेवावयाचे, कारण पुढचा पाऊस कसा पडेल हे कोणासच ठाऊक नसे. एखादी गोष्ट उदंड बाहेर पडू लागली म्हणजे तिचे ‘पेव फुटले’ असे आपण म्हणतो, तो वाक्प्रचार याच खड्ड्यांतून भाषेत आला.

आता पेवातील माल टिकतो कशामुळे, हे पाहू. झाकण घट्ट बसले म्हणजे आतील हवा बदलत नाही. आत जे किडे, जी बुरशी असते, ती त्या कोंडलेल्या हवेतील प्राणवायू वापरते आणि कार्बन डायॉक्साइड वायू सोडते. काही काळाने प्राणवायू इतका कमी होतो की किड्यांस जगणे अशक्य होते. औषध नाही, यंत्र नाही. किडा आपल्याच श्वासाने मरतो.

पण जी हवा किड्यास मारते ती माणसासही सोडीत नाही. पेव उघडल्याबरोबर जो आत उतरेल तो बेशुद्ध पडावयाचा. कार्बन डायॉक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तो विहिरीतील पाण्यासारखा तळाशी साचून राहतो; वरून डोकावून पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही, वासही येत नाही. अशा पेवांत उतरून माणसे दगावली आहेत, आणि त्यांना काढावयास धावलेलीही दगावली आहेत. म्हणून जाणते लोक झाकण काढून पेव कित्येक तास तसेच उघडे ठेवीत. नंतर दोरीला कंदील बांधून तो हळूहळू आत सोडीत. ज्योत फडफडून विझली, की कोणी उतरावयाचे नाही. मग भाव कितीही चढलेला असो, गिऱ्हाईक कितीही घाई करो. ज्योत तळापर्यंत तेवत राहिली, तरच माणूस उतरे. एवढ्याशा दिव्याने किती घरांचे दिवे वाचविले असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

माल सुरक्षित राहिला तरी एक प्रश्न उरतोच. सहा महिन्यांनी भाव चढला नाही तर? यावर सांगलीच्या पेठेत वायद्याचा व्यवहार चाले. समजा, आज हळदीचा भाव क्विंटलला दहा हजार रुपये आहे. पुढे तो बारा हजार होईल की आठ हजार, हे कोणास ठाऊक नाही. शेतकऱ्यास आठ हजारांची भीती वाटते, मसाले करणाऱ्या कारखानदारास बारा हजारांची. दोघांनी आजच ठरविले, की सहा महिन्यांनी माल दहा हजारांनी द्यावयाचा व घ्यावयाचा, तर दोघेही रात्री स्वस्थ झोपतील. पुढे भाव चढला तर शेतकऱ्याचा जादा नफा जाईल, उतरला तर कारखानदाराचा जाईल. पण कोणाचेच घर बुडणार नाही. अर्थात ज्यांच्याजवळ हळद नाही आणि ज्यांना ती नकोही आहे, असे लोक केवळ भावावर पैसे लावू लागले म्हणजे त्याचा सट्टा होतो. आणि सट्ट्याने बसलेली घरे या पेठेस अपरिचित नाहीत.

कीड, चोर, आग आणि ऊन या चारही शत्रूंचा बंदोबस्त पेवाने केला होता. पाचवा शत्रू गावाच्या उशालाच वाहत होता.

सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. महाबळेश्वर व कोयनेचे खोरे येथे पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. त्या पाण्याची मोठी वाट सांगलीवरून जाते. २००५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस असा पाऊस झाला की धरणे भरली, त्यांतून पाणी सोडणे भाग पडले आणि कृष्णा पात्राबाहेर पडली. सांगलीत १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल आहे. पुराची उंची तेथे मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५३ फुटांच्या वर गेले. हरिपुरास तर दोन नद्यांची गाठ. दोन्ही एकदम फुगल्या म्हणजे एकीचे पाणी दुसरीला पुढे सरकू देत नाही. पाणी गावात शिरले आणि काही दिवस उतरलेच नाही. लहानसहान पुरांस पेवांनी दाद दिली नव्हती, कारण वरच्या मातीतून थोडे पाणी झिरपण्याआधीच पूर ओसरे. या वेळी पाणी वर उभे राहिले. ते पेवांत उतरले, भिंती ढासळल्या, हळद भिजून कुजली. शिजवून वाळविलेली हळद एकदा भिजली, की तिला पूर्वस्थितीवर आणता येत नाही. कोणाची एका सालची, कोणाची दोन-तीन सालांची साठवण चिखलात गेली.

पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर चढले. २००५ नंतर जी थोडी पेवे उरली होती त्यांचाही भरवसा तेव्हा सुटला. आता हरिपुरात पेवे मोजकीच राहिली आहेत.

यावरून पेवे खणणारे अडाणी होते, असे कोणी म्हणेल तर ते बरोबर होणार नाही. विजेवाचून व औषधावाचून इतकी वर्षे माल राखणारी दुसरी कोठी या मुलखात नव्हती. उणीव पेवात नव्हती. उणीव होती ती एवढीच, की सारी पेवे एका गावी, एकाच काठावर होती. घर जळले तर एकाचे जाते. नदी उलटली तेव्हा सर्वांचे एकाच रात्री गेले.

आज सांगलीची हळद गोदामांत व शीतगृहांत राहते. या पेठेत केवळ कृष्णाकाठचाच माल येतो असेही नाही. मराठवाड्यातील हिंगोली-नांदेडकडून, तेलंगणातील निजामाबादहून, तामिळनाडूतील इरोडहूनही हळद भारतभर फिरत असते. एकीकडचे पीक करप्याने किंवा कंदकुजीने गेले, तर दुसरीकडचे हात देते. सांगलीजवळ कसबे डिग्रज येथे हळदीवर संशोधन चालते, आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु नव्या व्यवस्थेच्या काळज्याही नव्या आहेत. गोदामातील हवा मोकळी असल्यामुळे तेथे किडीसाठी धुरी द्यावी लागते. शीतगृहाची वीज गेली तर गारवा जातो. जोते किती उंच बांधावे, हा प्रश्न तर नदीने आधीच विचारून ठेवला आहे.

पावसाळा लागला म्हणजे सांगलीच्या पेठेत हळदीच्या भावाइतकीच आणखी एका आकड्याची विचारपूस होते. कोयनेतून आज किती पाणी सोडले, आणि आयर्विन पुलाजवळ किती फूट झाले, हे व्यापारी विचारतो, हमाल विचारतो, आणि हरिपूरचा शेतकरीही विचारतो.