सापाला खोकता येत नाही

लेस्टरला राहायला आल्यापासून पंधरा वर्षांत माझ्याकडे अकरा रॉयल पायथन जमले. घाना, टोगो, बेनिनकडचा हा अजगर. मोठा झाला तरी वजन किलो-दीड किलो, स्वभाव लाजरा, घाबरला की डोकं आत घेऊन चेंडू होऊन बसतो. भारतात देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. इंग्लंडात मात्र ब्रीडरकडे जन्मलेला रॉयल पायथन कुणालाही रीतसर पाळता येतो. सांगलीत बसलेल्या माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी या अकरांतल्या सात जणांना विषाणूची लागण झाली. एक बाहेरून घेऊन आला होता; बाकीच्यांपर्यंत तो मी माझ्या हाताने पोचवला. तेव्हा जे कळलं ते लिहून ठेवते आहे, कारण परदेशात नव्याने साप पाळू लागलेल्या आपल्या मुलांचे फोन मला येतात, आणि ते सगळे रंग नि किमती विचारतात, आजाराचं कुणीच विचारत नाही.

१. लक्षण शोधायला जावं लागतं

सापाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे त्याला खोकून छाती मोकळी करता येत नाही. आत साठलेला चिकटा आतच राहतो. माझी मंजुळा नऊ वर्षांची मादी. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी तिला हातात घेतलं, तर खालच्या ओठाच्या कडेला लाळेचा एक धागा चमकला, केसाएवढा. आत्ताच पाणी प्यायली असेल, असं म्हणून मी तो टिश्यूने पुसला. महिनाभर ती जेवली नव्हती, पण हे अजगर थंडीत महिनोन्महिने उपास करतात, म्हणून त्याचंही काही वाटलं नाही. असे दोन आठवडे गेले. मग ती डोकं उंच धरून, तोंड किंचित उघडं ठेवून बसू लागली. श्वास घेताना गळा फुगायचा आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी बारीक सूं येते ना, तसा आवाज यायचा.

आता दर रविवारी मी प्रत्येकाला कानाशी धरते, ओठांच्या कडा बॅटरीने बघते, वजन वहीत लिहिते. ओठावर ओल दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

२. आजाराचं नाव कळेपर्यंत औषध देऊ नका

पेटीतली उष्णता वाढवा, अँटिबायोटिक सुरू करा, असा सल्ला मला तीन अनुभवी माणसांनी दिला. आमच्या एक्झॉटिक व्हेटनी आधी मंजुळाच्या तोंडातून, पार घशापर्यंत, कापसाची काडी फिरवली आणि नमुना लॅबला पाठवला. निघाला सर्पेंटोव्हायरस. पाळणारे अजून त्याला जुन्या नावाने निडो म्हणतात. अजगरांमध्ये तो २०१४ मध्ये सापडला. तेहतीस हजारांवर अक्षरांचा त्याचा जीनोम तेव्हा माहीत असलेल्या आरएनए विषाणूंमध्ये सगळ्यात मोठा ठरला होता. त्यावर औषध नाही, लस नाही. अँटिबायोटिकने मागून शिरलेले जीवाणू मरतात आणि साप काही दिवस बरा दिसतो. हे बरं दिसणंच घातक आहे, कारण नेमका त्याच दिवसांत तो साप विकला जातो.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या बारा संग्रहांमधल्या ६३९ सापांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्यात हा विषाणू मिळाला, आणि एकदा शिरलेला विषाणू सापाच्या अंगातून निघून गेल्याचं काही दिसलं नाही. तो परिच्छेद मी रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात उभी राहून वाचला.

३. न खाल्लेला उंदीर

सगळ्यात जास्त मला हे लागलं आहे. आम्ही गोठवलेले उंदीर कोमट पाण्यात नरम करून, चिमट्याने सापापुढे धरतो. कधी साप झडप घालतो, तोंडात धरतो आणि सोडून देतो. मग तो उंदीर टाकून कसा द्यायचा? ताटात टाकायचं नाही, हे आमच्या घरी लहानपणापासून बिंबवलेलं. मी तो तसाच उचलायचे आणि शेजारच्या पेटीत द्यायचे. तिनेही नाही घेतला तर तिसऱ्या. मंजुळाच्या लाळेत भिजलेला उंदीर त्याच चिमट्याने मी कांचनला दिला, कांचनने नाकारलेला सोनटक्क्याला. नंतर जेवणाची वही काढून बसले आणि कुणाचा उंदीर कुणाला गेला त्या रेघा जोडल्या. त्या रेघांवरच्या प्रत्येक पेटीतला स्वॅब पॉझिटिव्ह आला. समोरच्या भिंतीलगतचे चौघे वाचले, कारण त्यांना मी दुसऱ्या दिवशी, वेगळ्या उंदरांतून जेवायला घालायचे. शहाणपणाने नव्हे, एका दिवसात सगळे आटपत नसत म्हणून.

नाकारलेला उंदीर पिशवीत बांधून सरळ कचऱ्यात. प्रत्येक पेटीला तिचा चिमटा, मुठीवर रंगीत पट्टी. पाण्याची भांडी अदलाबदल करायची नाहीत. दोन पेट्यांच्या मध्ये हातमोजे बदलायचे.

४. वेगळा कोपरा म्हणजे क्वारंटाइन नव्हे

विषाणू आणणारा नर मी सप्टेंबरमध्ये एका विक्रेत्याकडून घेतला होता. देखणा, टवटवीत. त्याला त्याच खोलीत, खिडकीजवळ, तीन आठवडे वेगळा ठेवला आणि मोठं काम केल्यासारखं वाटलं. आता नवा साप वरच्या मजल्यावर, सहा महिने, आणि त्या काळात तीन वेळा स्वॅब. एका निगेटिव्हवर विसंबता येत नाही, कारण तोंडात विषाणू रोज सारखा सापडत नाही. आधी निरोगी सापांचं काम, क्वारंटाइनचं शेवटी, आणि तिथून परत निरोगी सापांकडे जायचं नाही, काहीही विसरलं असलं तरी.

माइटचंही इथेच सांगते. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी खसखशीसारखे काळे ठिपके दिसले की ते सापाच्या अंगावरचे माइट समजा. ते एका पेटीतून दुसरीत चालत जातात. बोआंमधला इन्क्लुजन बॉडी डिसीज हेच पसरवत असावेत असा जाणकारांचा जुना संशय आहे. त्या आजाराचा विषाणू २०१२ मध्ये कळला. बोआ तो अंगावर घेऊन वर्षानुवर्षं धडधाकट दिसू शकतात, अजगर मात्र लवकर कोसळतात. म्हणून माझ्या घरी बोआ आणि अजगर एकत्र नाहीत.

५. जंतुनाशक कशासाठी ते आधी बघा

आधी घाण धुवायची, मग द्रव मारायचा आणि बाटलीवर लिहिलेली मिनिटं ओला ठेवायचा. निडोला हे पुरतं. पण क्रिप्टो या परजीवीच्या कवचाला घरातलं ब्लीच काही करत नाही. म्हणून जेवण उलटणाऱ्या, मधल्या अंगाला सुजलेल्या सापाची पेटी फेकून दिलेली बरी.

६. फोन

त्या हिवाळ्यात मी पाच पिल्लं विकली होती आणि एक नर मैत्रिणीला विणीसाठी उसना दिला होता. रिपोर्ट शुक्रवारी आला. नवरा म्हणाला, आधी आपल्या सगळ्यांचे रिपोर्ट येऊ देत, मग सांग. मलाही तेच हवं होतं. पण मंजुळाच्या ओठावरचा धागा पुसताना मी असंच थांबले होते.

शनिवारी सकाळी सहा फोन केले. काय निघालं, कधी कळलं, पिल्लू कुठल्या तारखेला घरातून गेलं, स्वॅब कुठे करता येतो, आणि त्याचा खर्च मी देईन: हे कागदावर लिहून घेतलं होतं, तरी पहिल्या फोनला आवाज कापत होता. मैत्रीण गप्प राहिली आणि म्हणाली, "बरं झालं, नराला अजून वेगळाच ठेवलाय." एका शाळकरी मुलीच्या आईने शांतपणे सगळं लिहून घेतलं. चौथा माणूस चिडला. त्याच्याकडे तीस अजगर. "तुम्ही माझी वीस वर्षं पाण्यात घातलीत," असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. सहांपैकी दोघांकडे पॉझिटिव्ह निघाले, त्याच्याकडचं पिल्लू त्यांतलं एक. फोन त्या आठवड्यात गेल्यामुळे ते त्याच्या मोठ्या खोलीत जायचं राहिलं.

सातवा फोन मी नर विकणाऱ्याला केला. "आमच्याकडे सगळं ठणठणीत आहे," एवढं बोलून त्याने विषय संपवला. त्याच्याकडून नंतर कुणी काय नेलं असेल, हा विचार मला अजून झोपू देत नाही. आजार कुणाच्याही घरी येतो, माझ्याही आला. तो माहीत असून साप विकणं मला माफ करता येत नाही.

७. मरण डॉक्टरांच्या हातून

साप थंड रक्ताचा आहे, फ्रीझरमध्ये शांतपणे जातो, असं सांगणारे भेटतात. ते क्रूर आहे, करू नका. मंजुळाला डॉक्टरांनी आधी भूल दिली. मी टेबलापाशी होते. शवविच्छेदनाला मी हो म्हटलं. फुप्फुस दाट चिकट्याने भरलेलं होतं. तो अहवाल मी सहाही जणांना पाठवला.

८. आजारी साप बाहेर जात नाही

मंजुळा, विषाणू आणणारा नर आणि सोनटक्का गेले. पॉझिटिव्ह असलेले उरलेले चौघे वरच्या खोलीत आहेत, खातात, कात टाकतात. ते विकले जाणार नाहीत, त्यांची वीण होणार नाही. रॉयल पायथन वीस-तीस वर्षं जगतो, तेवढी वर्षं ती खोली त्यांची. साप सांभाळवत नाही म्हणून रानात सोडणारे लोक आहेत. फ्लोरिडात बर्मी अजगरांबरोबर आशियातला फुप्फुसातला एक परजीवी गेला आणि आता तिथले मूळचे साप त्याने मरताहेत.

गेल्या जूनमध्ये त्या चौथ्या माणसाचा फोन आला, तीन वर्षांनी. डॉनकास्टरच्या सापांच्या शोहून परतत होता, लेस्टरच्या बाहेर गाडी थांबवली होती. "तुमच्याकडे यायचं मनात होतं," तो म्हणाला, "पण दिवसभर पन्नास साप हाताळलेत आणि कपडे तेच आहेत. पुढच्या रविवारी अंघोळ करून येतो."