गोंडवनातील ट्रायासिक उभयचर व सरीसृप : आप्तसंबंधांचा प्रश्न

नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहेत ते लिंगोच्या गोंडी कथागीतामुळे. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, संपादित केली. परंतु याच हिस्लॉपनी गोंडवनातील खडकांतून जीवाश्मही वेचले होते. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेल्या रुंद कवटीच्या उभयचराचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने केले. पुढे ‘गोंडवन’ हे प्रदेशनाम भूविज्ञानात रूढ झाले आणि एडुआर्ट झ्यूस यांनी ते एका लुप्त दक्षिण खंडास दिले. परिणामी भारतातील ट्रायासिक प्राणी दक्षिणेचेच, असे गृहीत धरणे सोपे झाले. पुरावा मात्र इतका सरळ नाही.

ट्रायासिक कल्प सु. २५.२ ते २०.१ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या आरंभीच्या काळातील पंचेत शैलसमूह दामोदर खोऱ्यात आहे. तेथील लिस्ट्रोसॉरस हा सुळेधारी शाकाहारी प्राणी दक्षिण आफ्रिकेत विपुल आहे. १९६९ मध्ये तो अंटार्क्टिकातही सापडला. महासागर ओलांडणे अशा भूचर प्राण्यास अशक्य. म्हणून खंडवहनाच्या पक्षात हा शोध फार मोलाचा ठरला. (त्यास पूर्वी सस्तनसदृश सरीसृप म्हणत, आज त्याच्या गटाची गणना सरीसृपांत होत नाही.) तथापि हाच प्राणी चीन व रशियातही आढळतो, याचा उल्लेख त्या मानाने कमी होतो.

मध्य ट्रायासिक काळाचे येर्रापल्ली व देनवा हे शैलसमूह अनुक्रमे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात व सातपुड्यात आहेत. देनवातील शिंगे असलेल्या सरीसृपास २०१७ मध्ये ‘शृंगसॉरस इंडिकस’ असे नाव मिळाले. संस्कृत व ग्रीक यांचा हा समास व्याकरणास रुचणार नाही, पण अर्थास चोख आहे.

खरा पेच उत्तर ट्रायासिक काळातील मालेरी शैलसमूहाचा. हे मालेरी गाव प्राणहितेच्या खोऱ्यात, आजच्या तेलंगणात आहे. तेथील मगरीसारख्या लांब जबड्याच्या सरीसृपास लिडेकर यांनी १८८५ मध्ये ‘पॅरासूकस हिस्लोपी’ हे नाव दिले. त्याचे दोन सांगाडे मिळाले, तेव्हा त्यांच्या पोटांच्या जागी मालेरीसॉरस या लहान सरीसृपाचे अवशेष होते. पॅरासूकसचे आप्त तसेच मालेरीतील मेटोपोसॉर उभयचरांचे आप्त युरोप व उत्तर अमेरिका येथे प्रामुख्याने आढळतात. चोचीसारख्या जबड्याचा हायपेरोडॅपेडॉन तर स्कॉटलंड, ब्राझील व अर्जेंटिना येथेही आहे. म्हणजे दक्षिण खंडात वसलेल्या या खोऱ्याचे नाते उत्तरेशी अधिक जुळते, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु मालेरीचेच वरचे थर पाहिले की चित्र पालटते. तेथे मेटोपोसॉर नाहीत. त्यांच्या जागी चिगुटिसॉर येतात. या उभयचरांचे आप्त ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील, म्हणजे निखळ दक्षिणी. एकाच ग्रंथाच्या दोन प्रकरणांनी दोन भिन्न पाठपरंपरा दाखवाव्यात, तसा हा प्रकार आहे. तेव्हा ‘मालेरीचे प्राणी कोणत्या प्रदेशाचे’ या प्रश्नास ‘कोणत्या थरातील’ हा प्रश्न जोडल्याशिवाय उत्तर संभवत नाही. शिवाय मेटोपोसॉर मोरोक्को व मादागास्कर येथेही मिळाले असल्याने त्यांना ‘उत्तरी’ म्हणणेही जपूनच करावे लागते. सर्व खंड पँजियात जोडलेले असताना नदीकाठच्या उभयचरांना अडवणारा समुद्र मध्ये नव्हता.